पातेरा जाळू नका, पावसाळ्यासाठी भरून ठेवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शिगमोत्सवाची तयारी सुरू होते त्या दिवसांत आमच्या फोंडा तालुक्यातल्या वाड्या-वाड्यांवर एक गोष्ट हमखास दिसते. सकाळी अंगण झाडून झाले की फणसाचा, आंब्याचा, काजूचा पातेरा, म्हणजे गळलेला सुका पाला, कुंपणाच्या कोपऱ्यात ओढायचा आणि काडी लावायची. दिवेलागणीला पुन्हा तेच. त्या वेळी वारा पडलेला असतो, धूर वर जात नाही, वाड्यावरच बसून राहतो. माझ्या पत्नीला दमा आहे. फेब्रुवारी ते एप्रिल आमच्या घराच्या एका बाजूच्या खिडक्या संध्याकाळी उघडता येत नाहीत. या त्रासाबद्दल मला लिहायचे आहेच, पण त्याहून जास्त लिहायचे आहे त्या पातेऱ्याबद्दल. जो पाला आपण मार्चमध्ये जाळतो, तोच जुलैमध्ये आपल्याला हवा असतो आणि तेव्हा तो कुठेच मिळत नाही.

मी लाइनमन म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. घराभोवती फार मोठे भाट, म्हणजे माडांची बाग, नाही. चार माड, एक फणस, एक मानकुराद आंबा, मागे पोफळीची ओळ, पुढे पत्नीची जाई आणि अबोली, आणि पावसात भेंडी, दोडकी, तवशी, तांबडी भाजी. निवृत्त झाल्यावर मी लोखंडी सांगाड्यावर फिरणारे खताचे पिंप घरीच बनवून घेतले. तेव्हापासून आमच्या परसातला पाला ना जळला, ना रस्त्याच्या गटारात गेला. हल्ली अशी पिंपे दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात, काही ठिकाणी ती सवलतीत देण्याच्या गोष्टीही चालल्या आहेत. म्हणून या पिंपाने काय होते आणि काय होत नाही, हे वापरणाऱ्याने लिहिणे मला गरजेचे वाटते. जाहिरातीत सांगतात ते सगळे खरे नाही आणि विरोध करणारे सांगतात तेही नाही.

आधी पाल्याचा हिशेब. खत होते ते जिवाणू आणि बुरशी यांच्यामुळे. त्यांना कर्ब (कार्बन) लागतो आणि नत्र (नायट्रोजन) लागते, साधारण पंचवीस ते तीस भाग कर्बाला एक भाग नत्र या मापात. सुक्या पानांत कर्ब भरपूर, नत्र अगदी थोडे. ताजे गवत, भाजीची देठे, केळीची कोवळी पाने यांत नत्र जास्त आणि पाणीही जास्त. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत परसात जे काही वाढते ते हिरवे आणि भिजलेले. गवत कापून एका कोपऱ्यात टाकले तर दोन-तीन दिवसांत ते काळे, चिकट होते आणि वास सुटतो, कारण ओल्या गवताचे थर एकमेकांवर बसतात आणि आत हवाच राहत नाही. तिथे गरज असते सुक्या पानांची. ती पाणी शोषतात, थरांमध्ये फट ठेवतात आणि कर्ब पुरवतात. पण सुकी पाने तर आपण तीन महिन्यांपूर्वीच जाळून टाकलेली असतात.

आमच्याकडे आता फेब्रुवारीपासून पातेरा पोत्यांत भरला जातो. तांदळाची, पशुखाद्याची रिकामी पोती कोणाच्याही घरात असतात. सकाळी दव असताना पाने भरू नयेत, ती पोत्यात बुरसटतात. दुपारी चुरचुरीत झाली की भरायची आणि पायाने दाबायची. दाबताना पानांचे तुकडे होतात, तेही कामाचेच. मांगरात, म्हणजे परसातल्या खोपीत, किंवा वळचणीखाली, जमिनीवर दोन फळ्या टाकून त्यांवर पोती रचून ठेवायची. जमिनीला टेकली तर वाळवी लागते. गेल्या पावसाळ्यात गणेशचतुर्थी झाली तरी आमची काही पोती शिल्लक होती.

इथे जुन्या लोकांचा एक आक्षेप येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो, कारण माझे वडीलही तेच सांगत. पाला जाळून राख माडाच्या आळ्यात टाकली की माड धरतो, असे ते म्हणत. राखेत पालाश (पोटॅश) असते, चुना असतो, हे खरे आहे. आपली जांभ्याची जमीन आंबट, तिला चुना मानवतो हेही खरे. पण पानातले नत्र आणि गंधक बहुतेक धुरातून उडून जाते, कर्ब तर जवळजवळ सगळाच जातो. राख उरते ती हलकी, आणि तिच्यातले पालाश पाण्यात लगेच विरघळणारे. पहिल्या मोठ्या सरीबरोबर तिच्यातले बरेचसे पालाश वाहून जाते. जांभ्या जमिनीत पाणी आणि अन्न धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे कुजलेला पाला. आपल्या कुळागरांत, म्हणजे पोफळीच्या बागांत, झाडांच्या बुडाशी पाला पसरण्याची पद्धत आहे, ती उगाच नाही. ज्यांच्याकडे कुळागर आहे किंवा मोठे भाट आहे, त्यांना पिंपाची गरजच नाही. पाला उचलायचा आणि आळ्यात पसरायचा, विषय संपला. पिंप हवे ते आमच्यासारख्या छोट्या परसवाल्यांना आणि ज्यांनी अंगणात सिमेंटचे ब्लॉक बसवले आहेत त्यांना. अंगणात माती उरली नाही, म्हणून पाला कुठे ठेवायचा हा प्रश्न आला आणि म्हणूनच जाळणे वाढले, असे माझे निरीक्षण आहे.

मग पिंपच का, साधा खड्डा का नको? कोणी विचारील की पूर्वीपासून परसात खड्डे होते, शेणाचे उकिरडे होते. त्याला माझ्याकडे एक उत्तर आहे जे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे आणि ते माडाचे आहे. गेंडा भुंगा माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब कुरतडतो. मग ते पान उघडते तेव्हा कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखे दिसते. हे आपल्याकडे प्रत्येक वाड्यावर दिसते. हा भुंगा अंडी घालतो ती कुजणाऱ्या पाल्यात, शेणखताच्या ढिगात, कुजलेल्या माडाच्या खोडात. खड्डा उपसताना अंगठ्याएवढी जाड, वाकडी होऊन पडलेली पांढरी अळी मिळते, ती याचीच. ती त्या खतात काही महिने राहते, मग कोशात जाते आणि भुंगा होऊन आपल्याच माडावर चढते. म्हणजे उघड्या खड्ड्यात आपण माडासाठी खत करतो आणि माडाचा शत्रूही पोसतो. अशा खड्ड्यांत मेटारायझियम या बुरशीचे मिश्रण टाकण्याची शिफारस नारळाचे शास्त्रज्ञ करतात, ती योग्यच आहे. पण बंद पिंपात भुंगा आत जाऊच शकत नाही. हवेची भोके आठ-दहा मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत आणि आतून जाळी हवी, एवढे पाहायचे. शिवाय दर दोन-तीन दिवसांनी फिरवल्यामुळे आतला माल हलत राहतो. माडांच्या प्रदेशात फिरत्या पिंपाचा हा फायदा कोणत्याच जाहिरातीत लिहिलेला मला दिसला नाही.

दुसरा फायदा उंदरांचा. उघड्या ढिगात भाजीचा कचरा गेला की उंदीर येतात आणि उंदरामागे घोणस येते. आमच्या भागात पाल्याचा ढीग उपसताना घोणस निघणे ही ऐकीव गोष्ट नाही. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, घट्ट झाकणाचे पिंप असले की हे टळते.

आता पिंपाविषयी. माझे आहे ते दोनशे लिटरचे जाड प्लॅस्टिकचे निळे पिंप, कारखान्यांतून जुने म्हणून विकायला निघते ते. असे पिंप घेताना त्यात आधी काय होते ते विचारून घ्यावे. खाद्यपदार्थाचे असेल तर घ्यावे, रसायनाचे असेल तर स्वस्त मिळाले तरी नको. पिंप आडवे ठेवून दोन्ही टोकांच्या मधून गॅल्व्हनाइज्ड पाइपचा कणा आरपार घातला आहे. पाइप शिरतो तिथे दोन्ही बाजूंनी लोखंडी चकत्या नट-बोल्टने आवळल्या आहेत. हे न केल्यास सगळे वजन प्लॅस्टिकच्या भोकावर येते आणि पहिल्याच पावसाळ्यात ते भोक फाटून लांब होते. साधे लोखंड वापरू नये. आपल्या दमट, खारट हवेत ते दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडते. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घेतले तर पाच-पन्नास रुपये जास्त जातात, पण दर वर्षी गंजलेला बोल्ट करवतीने कापत बसावे लागत नाही.

वजनाचा विचार कोणी करत नाही आणि तिथेच पिंपे पडून राहतात. ओला, अर्धवट कुजलेला माल घनमीटरला पाच-सहाशे किलोच्या आसपास भरतो, जास्त भिजला तर त्याहूनही अधिक. म्हणजे दोनशे लिटरचे पिंप तीन चतुर्थांश भरले तर आत ऐंशी-नव्वद किलो असते. त्यातही सगळा माल एका बाजूला बसतो, त्यामुळे फिरवताना प्रत्येक वेळी तो वर उचलावा लागतो. साठी ओलांडलेल्या बाईमाणसाला हे जमणार नाही. बाजारात उभे, टोकावर टोक उलटणारे पिंप मिळते, ते तर आणखी जड जाते. माझा सल्ला असा की एक मोठे घेण्यापेक्षा दोन लहान घ्यावीत किंवा मध्ये पडदा असलेले दोन कप्प्यांचे घ्यावे. दोन कप्प्यांचा दुसरा फायदा असा की एकात रोजचा पाला टाकत राहायचे आणि दुसरा बंद करून पिकायला सोडायचा. एकच कप्पा असेल तर रोज नवे हिरवे पडत राहते आणि खत कधी तयार होतच नाही. पिंप घेतलेल्या किती तरी जणांनी ते याच कारणाने कंटाळून टाकून दिले.

भरताना माप असे: तीन घमेली सुका पातेरा, एक घमेले हिरवे. पावसाळ्यात हिरवे फार भिजलेले असेल तर सुक्याचे चौथे घमेले. सुरुवातीला जुन्या खताची किंवा शेणकाल्याची दोन-तीन ओंजळी घालावी. पिंप मातीला टेकत नाही, त्यामुळे मातीतले जिवाणू आपोआप आत येत नाहीत, ते आपल्याला पोचवावे लागतात. पिंप पाऊण भरेपर्यंतच भरायचे. ठासून भरले तर आतला माल उलटतच नाही, नुसता पिंपाबरोबर फिरतो.

मग मुठीची परीक्षा. आतला मूठभर माल घ्यायचा आणि घट्ट दाबायचा. बोटांतून दोन-चार थेंब आले तर ओल बरोबर आहे. धार लागली तर पातेरा घाला. काहीच आले नाही आणि मूठ उघडताच माल सुटा झाला तर पाणी शिंपडा. मार्चमध्ये सुकेपणाचा त्रास होतो, जुलैमध्ये ओलेपणाचा. गोव्यात दोन्ही टोके आहेत आणि एकच ठरलेले माप वर्षभर चालत नाही.

शेजारच्या एका घरी नवे पिंप आले तेव्हा त्यांनी फक्त लॉनचे कापलेले गवत भरले आणि दिवसातून दोन-तीनदा हौसेने फिरवले. आठवड्याने उघडले तर आत नारळाएवढे गोळे. त्यातला एक मी हातात घेऊन फोडला. बाहेरून तो काळपट, चिकट होता, आत मात्र गवताची पाती पिवळट-हिरवी, जशी कापली तशीच, एकमेकांत घट्ट विणलेली. त्यातून आंबूस वासाची गरम वाफ आली. फिरवल्याने ओले गवत गोल गोल वळत जाते आणि गोळ्याच्या पोटात हवा पोचत नाही. फिरवण्याचा हेतू हवा देणे हा आहे आणि इथे नेमके त्याच्या उलट झाले. आम्ही गोळे काठीने फोडले, पोतेभर फणसाची सुकी पाने आत ओतली आणि थोड्या बारीक फांद्यांचे तुकडे घातले. फांद्या आत आपटत राहिल्या की गोळे धरत नाहीत. त्यानंतर दर तिसऱ्या दिवशी चार-पाच वेढे, बस्स. रोज फिरवू नये, आत साठलेली ऊब निघून जाते.

या उबेबद्दलही स्पष्ट सांगायला हवे. मोठा ढीग, म्हणजे निदान एक घनमीटरचा, आतून पंचावन्न ते पासष्ट अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि तणांचे बी, रोगजंतू मरतात. आपले पिंप त्याच्या पाचव्या भागाएवढे. ते तापते, पण लवकर निवते. लोखंडी सळई आत खुपसून ठेवून थोड्या वेळाने ओढली तर ती हाताला गरम लागते, पण धरवणार नाही इतकी क्वचितच. त्यामुळे बी धरलेली रानमोडी, लव्हाळ्याचे गड्डे, हरळीची मुळे पिंपात टाकू नयेत. ती खताबरोबर परत वाफ्यात येतात. तण फुलण्याआधी उपटले तर खुशाल टाकावे.

तसेच मर लागलेली वांग्याची आणि मिरचीची झाडे. आपल्याकडे जिवाणूंमुळे होणारा मर रोग फार आहे आणि पाने हिरवी असतानाच झाड एकाएकी माना टाकते. शंका आली तर देठ आडवा कापून त्याचे टोक काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरून ठेवावे. काही मिनिटांत दुधासारखी पांढरी धार खाली उतरताना दिसली तर हा तोच रोग. असे झाड पिंपात नको आणि परसात कुठेही पुरू नये.

स्वयंपाकघरातले काय? भाजीची साले, चहाचा चोथा, अंड्याची टरफले चालतात. आपल्याकडे सुंगटांची (कोळंबीची) साले आणि माशांचे काटे रोजचे. ते पिंपात घातले तर चार घरे लांब वास जातो. ते माडाच्या आळ्यात हातभर खोल पुरावेत, वर दगड ठेवावा म्हणजे कुत्री उकरत नाहीत. सोडणे (नारळाच्या साली), करवंट्या, चुडते (माडाच्या झावळ्या), पिडे (त्यांचे जाड देठ) हेही पिंपात नकोत, ते वर्षभर तसेच राहतात. चुडतांचे हीर काढून केरसुणी करणारी माणसे अजून आहेत, त्यांना द्यावीत. सोडणांचा थर माडाच्या आळ्यात पालथा घालून ठेवला तर उन्हाळ्यात ओल टिकते.

चतुर्थीनंतर माटोळीचे (गणपतीच्या वर फळे-पाने बांधतात त्या चौकटीचे) आणि निर्माल्याचे मोठे गाठोडे होते. कांगलां, माट्टीची फळे, आंबाडे, सुपारीची शिपटी, नीरफणस, केळीचे घड, दुर्वा, फुले. पूर्वी माटोळी केवणीच्या (एका रानझुडपाच्या सालीच्या) दोराने बांधत, तो दोर कुजतो. आता बहुतेकजण नायलॉनची दोरी आणि तार वापरतात. ती एकेक सोडवून काढल्याशिवाय काहीही पिंपात टाकू नये. दोरी कण्याभोवती गुंडाळली जाते आणि पुढच्या वर्षी खतातून तिचे तुकडे निघत राहतात. पुढच्या चतुर्थीला पुन्हा केवण वापरता आली तर उत्तमच. फुले देवाची म्हणून खाडीत सोडण्यापेक्षा घरच्या तुळशीच्या मातीत गेली तर ती देवाजवळच राहिली, असे माझी पत्नी म्हणते आणि मला ते पटते.

पिंपातून तांबूस पाणी गळते. खाली पसरट भांडे ठेवावे लागते आणि ते दर दोन दिवसांनी रिकामे करावेच लागते, नाहीतर त्यात डास होतील. डेंग्यूच्या दिवसांत याबाबत हयगय नको. ते पाणी माडाच्या बुडाशी ओतावे, पालेभाजीवर नको. आत पांढुरक्या-करड्या, चपट्या अळ्या वळवळताना दिसल्या तर घाबरू नये. त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, कचरा झपाट्याने खातात. त्या फार झाल्या तर ओल जास्त आहे एवढेच समजावे. पिंप ठेवायचे ते सावलीत आणि वर छप्पर असलेल्या जागी. मे महिन्याच्या उन्हात प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि जूनच्या पावसात भोकांतून पाणी शिरते.

खत किती दिवसांत होते हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. दोन आठवडे, तीन आठवडे असे डब्यावर छापलेले असते. तसे होत नाही. गोव्याच्या हवेत, पाला चुरलेला असेल आणि माप सांभाळले असेल तर दोन ते अडीच महिने. काजूची आणि फणसाची पाने जाड, मेणचट, ती न चुरता अख्खी घातली तर चार महिनेही लागतात. नंतर बाहेर काढून गोणपाटाखाली आणखी महिनाभर मुरू द्यावे. त्या वेळीही वर बारीक जाळी घालावी, गेंडा भुंगा तिथे येऊ शकतो. तयार खत काळपट-तपकिरी, सुटे असते आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. भेंडीच्या वाफ्यात ते घातल्यापासून आमच्याकडे पाणी एक दिवसाआड दिले तरी पुरते.

आता मागणे. घरोघरी जाऊन ओला-सुका कचरा उचलण्याची सोय राज्यात बऱ्याच ठिकाणी झाली आहे. पण परसातला पाला त्या गाडीत घेत नाहीत आणि घेऊही नये. साळगावच्या कचरा प्रकल्पापर्यंत फणसाची पाने ट्रकने वाहून न्यायची, त्यासाठी डिझेल जाळायचे, हा कोणता शहाणपणा? २०१६ साली आलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत बागेतला कचरा ज्याचा त्याने आपल्या आवारात वेगळा ठेवावा आणि स्थानिक संस्थेच्या सूचनेप्रमाणे त्याची वाट लावावी असे म्हटले होते. त्याच वर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. लोकांना जाळू नका म्हणायचे तर काय करा हेही सांगावे लागते. ती सूचना आमच्या वाड्यावर मी आजवर ऐकलेली नाही.

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूला लागलेल्या आगी आपण सर्वांनी पाहिल्या. त्या कशाने लागल्या यावर मी बोलत नाही. पण त्या दिवसांत सुकलेल्या पाल्यावर आग किती वेगाने पळते हे तेव्हा साऱ्या राज्याने पाहिले. कुंपणापलीकडे काजूची बाग असताना अलीकडे पाला पेटवून घरात जाणारी माणसे मी आजही पाहतो. विजेच्या तारांखाली पाला पेटवलेलाही मी नोकरीत पाहिला आहे. अशा जागी खाली आग आणि वर तार हे किती धोक्याचे असते, ते त्या कामातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

सर्वांत उपयोगी पडेल ती एकच वस्तू: पाला आणि बारीक फांद्या चुरणारे यंत्र, चाकांवरचे. ते प्रत्येक घराने घेणे शक्य नाही. पंचायतीने एक घ्यावे, फेब्रुवारी ते मे प्रभागवार फिरवावे, वाड्यावर येण्याचा दिवस आधी कळवावा. लोक पोती घेऊन येतील. चुरलेला पाला ज्याचा त्याने परत न्यावा. चुरल्यावर पाल्याचा आकार निम्म्याहून कमी होतो, पोती साठवायला जागाही कमी लागते आणि पावसाळ्यात खत लवकर होते. पावसाआधी रस्त्यांवरच्या फांद्या छाटतात तेव्हा त्यांचे ढीग गटाराच्या काठावर पडून राहतात आणि पहिल्या पावसात गटारे तुंबतात, त्या फांद्यांनाही हेच यंत्र चालेल.

आणि पिंपे वाटायची असतील तर वाटून फोटो काढून थांबू नये. एका नातेवाइकांच्या घरी असे पिंप आले, त्याच्या दाराची बिजागरी सहा महिन्यांत तुटली, सुटा भाग कुठेच मिळाला नाही आणि आज त्यात सिमेंट ठेवलेले आहे. पिंप देताना त्याबरोबर पाच-सहा पोती आणि एका पानाची मराठी-कोंकणी सूचना द्यावी. बिजागरी, कडी, कणा हे सुटे भाग तालुक्यात कुठेतरी मिळतील अशी अट खरेदीतच घालावी. शक्यतो इथल्या वेल्डरकडून सांगाडे करून घ्यावेत म्हणजे दुरुस्तीला माणूस जवळ असेल. विभागीय कृषी कार्यालयातील अधिकारी किंवा जुने गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेचे तज्ज्ञ एक सकाळ वाड्यावर आले आणि लोकांच्या हाताने एक पिंप भरून दाखवले, तर दहा पत्रकांपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल. महिला मंडळांना आणि स्वयंसाहाय्य गटांना यात आधी घ्यावे, परसाची कामे त्यांच्याच हातात असतात.

ग्रामसभा होतात तेव्हा हा विषय आपल्या वाचकांनी लेखी द्यावा, अशी माझी विनंती आहे. यंत्र घ्यायचे तर त्याची तरतूद अंदाजपत्रकात आधी करावी लागते, पाला पडू लागल्यावर मागणी केली तर ते वर्ष हातचे जाते. आमच्या वाड्यावर आम्ही काही घरांनी येत्या ग्रामसभेसाठी सहीचा अर्ज तयार केला आहे. तोवर, यंत्र येवो न येवो, यंदाचा पातेरा आम्ही पोत्यांतच भरणार आहोत आणि ज्यांच्याकडे पोती ठेवायला जागा नाही त्यांचा पाला आमच्या मांगरात ठेवून घ्यायला मी तयार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त लाइनमन,
फोंडा तालुका, गोवा